पाटाच्या टोकाचं शेत

पांझरा नदीवरच्या दगडी बंधाऱ्यापासून निघालेला आमच्या गावचा पाट मारुतीच्या पारामागून, शाळेच्या भिंतीला लागून, चिंचांखालून खाली यायचा आणि आमच्या शेतात संपायचा. कोणी बांधला हे गावात कोणालाच ठाऊक नाही. आज अर्ध्या वाटेवर त्याच्या डोक्यावर काँक्रीटचा रस्ता आहे. पुढे लग्नाच्या लॉन्सची भिंत.

दसरा झाला की घरटी एक माणूस फावडं घेऊन पाटातला गाळ काढायला यायचा. काम सुरू व्हायचं ते खालून, आमच्या बांधापासून, आणि सरकत सरकत बंधाऱ्याकडे जायचं. वरच्याचा तुकडा आधी साफ झाला असता तर तो फावडं खांद्यावर टाकून सरळ घरी गेला असता. ही रीत ज्याने लावली, तो माणसं पुरती ओळखून होता.

मग वरच्या मळ्यांत विहिरींवर मोटारी बसल्या. एका वर्षी वरच्या मळ्यातले एक नाना आबांकडे, माझ्या वडिलांकडे, आले.

"आबा, औंदा बंधारापाईन सुरू करूत. तठे सकायले थंडावा राहस."

टोकाचं शेत आमचं, म्हणजे वरून सुरू करायला नाही म्हणायचा मान आबांचाच. पण आबांना चांगुलपणाची भारी हौस. म्हणाले, "करा ना नाना. पाट सगळासना शे."

भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. पण तिला विचारतो कोण?

ज्याचं शेत आलं तो गळाला. कोणाला पाहुणे आठवले, कोणाला गुरं. चिंचांपाशी आबा आणि माझा भाऊ, दोघेच उरले. तिथून खाली दोघांनी किती उपसावं? त्या हिवाळ्यात आमचा गहू उभ्याने वाळला. पुढच्या वर्षापासून गाळ काढायला कोणी निघालंच नाही. बांधापुरता पाट आबा मात्र दर दसऱ्यानंतर एकटे साफ करत राहिले, आणि ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला नानांचा येत नाही इतका राग आबांचा येतो, आजही.

गेल्या लग्नसराईत मी धुळ्याहून घरी गेले होते. सकाळी बांधावरून आबांची हाक आली, "पाणी उनं वं माय! पाटले पाणी उनं!"

मी धावतच गेले. पाटात खरंच पाणी होतं. वर तेलाचा तवंग, भाताची शितं, थर्माकोलच्या वाट्या. लॉन्सवाल्याने भटारखान्याचा नळ भिंतीमागून पाटात सोडला होता. मी पदर नाकाला लावला.

"आबा, ते लॉन्सनं खरकटं पाणी शे."

"माले दिखस," आबा म्हणाले. "पन आपला वावरलोंग उनं ना?"

आणि शेतापर्यंत आलेल्या त्या पाण्याला फावड्याने त्यांनी वाफ्याचं तोंड मोकळं केलं.