काचेच्या बागेतला झेंडू

हे मी अजून कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्या विमलताईंजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात. लिहायला बसल्यापासून दोनदा उठून चहा करून आले. जन्मभर वर्गात पोरांना "उभा राहा आणि खरं काय ते सांग" म्हणून दटावत आलेली बाई मी — आणि माझी पाळी आली तर मला चहा सुचतो.

विमलताई म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही अमरावतीत राहतो. नवरा वकील, मी शाळेत भूगोल शिकवायची. मोठे दीर आणि विमलताई गावाकडे, अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे जाताना आमचं गाव लागतं तिथे. शेती फुलांची — झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पहाटे फुलं तोडून अकोल्याच्या बाजारात पाठवायची, हे त्यांचं लग्न झाल्यापासूनचं आयुष्य. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंना कळू नये म्हणून किती तरी दिवस माझ्या वाट्याच्या भाकरी विमलताईंनीच थापल्या. हे आधीच सांगून ठेवते. पुढे लागेल.

सिंगापूरचं खूळ माझं नव्हतं, त्यांचं होतं. मीच एकदा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसल्या बसल्या त्यांना फोनवर दाखवलं होतं — समुद्राकाठी काचेची भली मोठी बाग, आत गार हवा, मजल्यांवर मजले फुलंच फुलं. त्यांनी हात पदराला पुसला आणि फोन स्वतःकडे घेतला. "हे खरं हाये का वं सुनंदा, का शिनेमातलं हाये?" खरं आहे म्हटलं. मग बराच वेळ पाहत राहिल्या. आणि विचारलं काय, तर — "झेंडू असन का तठी?"

मला काय माहीत? मी भूगोलाची बाई. नकाशावर सिंगापूर म्हणजे एक ठिपका, तो मी वर्षानुवर्षं पोरांना छडीने दाखवला होता. मी म्हटलं, चला जाऊन पाहू. सहज म्हटलं हो, आपण म्हणतो तसं. त्या मात्र सहज म्हणत नाहीत काही. महिनाभरात त्यांनी पासपोर्टचं कुठे करतात ते विचारून घेतलं होतं. त्यांची अट एकच. दसरा-दिवाळीला झेंडूचा हंगाम, ते दिवस सोडून कवाही.

माझ्या शाळेतल्या दोघी मैत्रिणी, वर्षा आणि मेघना, त्याही तयार झाल्या. चौघीही पहिल्यांदाच देशाबाहेर जाणार. आखणी माझ्याकडे. सहलीची आखणी म्हटलं की शाळेत माझंच नाव. चार दिवसांत काय पाहायचं, कुठल्या मेट्रोने कुठे उतरायचं, शाकाहारी जेवण कोणत्या गल्लीत मिळतं — सगळं मी पाठ करून टाकलं. संक्रांत झाली की निघायचं ठरलं. ताईंनी गावात कॅनव्हासचे बूट आणले आणि लुगड्याखाली ते घालून धुऱ्यावर चालायचा सराव सुरू केला. दीर हसायचे. त्या म्हणायच्या, हसा, मी तठी चप्पल फटफट करत जात नाही.

आता मॉलचं सांगायला हवं.

सरकत्या जिन्याची सवय व्हावी म्हणून मी त्यांना अमरावतीला बोलावलं. बडनेरा स्टेशनवर गाडीतून उतरल्या त्या त्याच बुटांत. वर्षा आणि मेघनाही आल्या होत्या. जिन्यावर पहिलं पाऊल टाकलं आणि ताई मटकन पायरीवर बसल्या. बसल्या त्या बसल्या, वर मोठ्याने हसायला लागल्या — "थांबव वं याले, मले घेऊन चालला हा!" अख्खा मॉल वळून पाहतोय. दोन पोरांनी फोन काढले. वरच्या टोकाला रखवालदाराने त्यांना हाताला धरून उठवलं आणि विचारलं, आजी, तुमच्यासोबत कोण आहे?

मी तीन पायऱ्या मागे होते. मी — काय केलं असेल मी? मी दुकानाच्या काचेतले कपडे पाहायला लागले.

एवढंच. फार वेळ नाही, दोन श्वासांचा मामला. मग गेले त्यांच्याजवळ. त्यांच्या काही लक्षातही आलं नाही, त्या रखवालदाराला त्याचं गाव विचारत होत्या. पुन्हा एकडाव जाऊ म्हणाल्या, आणि तिसऱ्या खेपेला झकास जमलं त्यांना. म्हणजे जमत नव्हतं, हीसुद्धा सबब माझ्याकडे नाही. मग खायला बसलो तर ताईंनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढून मैत्रिणींपुढे धरला. मेघना म्हणाली, "मजा येणार बाई आपल्याला सिंगापूरला." काय अर्थाने म्हणाली, देव जाणे. त्या दोघींनी ताईंना आणू नको असं कधी म्हटलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी मनाशी त्यांच्यावरच ढकलत आले, पण त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. लाज मला वाटत होती. चार दिवस, परक्या देशात, प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक टेबलावर — लोक विचारणार, ही बाई कोणासोबत आहे? आणि मला हात वर करावा लागणार.

सरळ नाही का सांगता आलं? नसतं आलं. सरळ सांगायला अंगात धमक लागते. मी आखणी करणारी बाई. मी आखणी केली.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तुमच्याकडे गौरी म्हणत असाल. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन दिवस माहेरपणाला येतात. आमच्या सगळ्या घराच्या लक्ष्म्या गावी, ताईंकडे. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढायची आणि मुखवटे हातात घेऊन त्यांना आत आणायचं. ज्येष्ठा मोठीने आणायची, कनिष्ठा धाकटीने. म्हणजे एक त्यांनी, एक मी. काही झालं तरी ते तीन दिवस ताई उंबरठा ओलांडून गावाबाहेर जायच्या नाहीत. त्यांच्या आईचं दुखणं वाढलं तेव्हासुद्धा विसर्जन करूनच गेल्या होत्या. हे मला माहीत होतं. मलाच माहीत होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं भाद्रपदाचं पान मी उलटून पाहिलं, आणि तेच दिवस धरले. मैत्रिणींना सांगितलं, जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन येतं आणि गर्दीही फार असते, गणपतीच्या सुट्टीला जोडून जाऊ. त्यांच्याकडे महालक्ष्म्या नाहीत, त्या हो म्हणाल्या. मग ताईंना फोन लावला. तारखा सांगितल्या. एजंटाने परस्पर काढल्या म्हणाले, आता बदलत नाहीत. आणि मग — हे लिहिताना आजही कानशिलं तापतात — मग आवाजात घाबरेपणा आणून म्हणाले, "थांबा ताई, या दिवसांत तर लक्ष्म्या आल्या ना? माझ्या कसं लक्षात नाही आलं? जाऊ द्या, मग मीही जात नाही."

मीही जात नाही! त्या काय म्हणतील हे ठाऊक असल्याशिवाय हे वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं का?

पलीकडून पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. विहिरीवर असाव्यात. त्या म्हणाल्या, "येडी हायेस काय? लक्ष्म्याईले घरची एक बाई असली म्हंजे झालं. मी पाहून घेतो. तू जाय. अन् मायासाठी थे बाग पाह्यजो. झेंडू हाये का तठी, तेवढं पाह्यजो."

तो फोन करण्याआधीच मी तिकिटं काढून मोकळी झाले होते. तीनच काढली होती.

गेलो आम्ही. स्वच्छ रस्ते, उंच इमारती, रात्रीचे दिवे, होडीतून फेरी, सगळं जिथल्या तिथे. माझी आखणी कुठे चुकली नाही. शेवटच्या दिवशी ती बाग. दारातून आत शिरले, गार हवा अंगावर आली आणि फोन वाजला. ताईंचा व्हिडिओ कॉल. मागे दोघी लक्ष्म्या सजून उभ्या, नव्या लुगड्यांत. ताईंच्या कपाळावर मळवट, चेहरा दमलेला आणि खुशीत. सांगायला लागल्या, "औंदा दोन्ही मीच आणल्या वं. एकीले ठेवलं, मंग पुन्हा दारात गेली, दुसरीले आणलं." कुरकूर नाही, टोमणा नाही. वर फोन लक्ष्म्यांकडे वळवून त्यांना म्हणतात, पाहा माय, आपली सुनंदा कोठी गेली ते. मग मला म्हणाल्या, दाखव आता बाग.

मी फोन भराभर गोल फिरवला. "हळू फिरव वं," त्या म्हणत होत्या. माझ्याच्याने ते होईना. रेंज जातेय ताई, म्हटलं, आणि बंद केला. रेंज उत्तम होती. तिथे रेंज जात नाही.

वर्षा आणि मेघना आत गेल्या, वर चढल्या, फोटो काढून आल्या. मी दाराजवळच्या बाकावर बसून राहिले. पाय दुखतात म्हणून सांगितलं. ज्या बागेपायी हे सगळं सुरू झालं, ती बाग मी पाहिली नाही. दारातल्या कुंड्या तेवढ्या पाहिल्या. त्यात काय होतं तेही आठवत नाही.

परत आल्यावर गावी गेले. चॉकलेटं दिली, एक छोटी चित्राची बशी दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न तोच. झेंडू होता का?

होता ताई, म्हणाले मी. वाफेच्या वाफे भरून होता.

का म्हणाले? त्यांना काहीतरी द्यावं म्हणून? की माझी सुटका व्हावी म्हणून? काही असो. ताईंनी मांडीवर थाप मारली आणि दिरांना हाक दिली, अहो ऐकलं का, आपला झेंडू तठीही हाये. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

पुढच्या वर्षी आपण दोघीच जाऊ, असंही मी त्यांना म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं की तेही आखणीतलंच होतं, आता मलाही सांगता येत नाही. मग ती साथ आली आणि सगळं जग दारं लावून बसलं. दारं उघडली तोवर ताईंची शुगर डोळ्यांत उतरली होती. अकोल्याला दाखवलं, नागपूरला नेलं, इंजेक्शनं झाली. आता उजेड-अंधार कळतो, माणूस समोर असल्याचं कळतं. फूल नाही कळत. हाताने चाचपून सांगतात, ही शेवंती, हा झेंडू. त्यांचा पासपोर्ट लक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीत आहे. एकही शिक्का नाही त्यावर. दरवर्षी मुखवटे काढताना तो माझ्या हाताला लागतो आणि मी तो पुन्हा तळाशी सरकवते.

आता मी लक्ष्म्यांच्या आठ दिवस आधी जाते. पुरणापासून सोळा भाज्यांपर्यंत सगळं करते. घरचे म्हणतात, सुनंदाचा जावेवर फार जीव. मी ऐकून घेते. त्या भाकरींची गोष्ट ताई अजून कोणाला सांगत नाहीत, आणि मी हे सांगत नाही.

यंदा कुंकवाची पावलं मी काढली. ताईंनी ज्येष्ठा हातात घेतली, मी कनिष्ठा, आणि त्यांच्या कोपराला धरून आत आणलं. दुपारी गावातल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. एक नवी सून होती, तिने लक्ष्म्यांपुढची झेंडूची आरास पाहून वा म्हटलं. ताईंना तेवढं पुरे झालं. मग काचेचं घर, गार हवा, मजल्यांवर मजले, सगळं त्यांनी सांगितलं. मी कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांच्या मनात ती बाग वाढत गेली असावी. "अन् मधात आपला झेंडू. माया जावेनं सोता पाह्यला."

मग मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे त्यांनी तोंड वळवलं. मी तिथे नव्हते, दुसऱ्या बाजूला होते, ताट घेऊन.

"सुनंदा, कोन्या रंगाचा होता वं?"

"केशरी," मी म्हणाले.

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि त्या सुनेसाठी आरासीतलं एक फूल चाचपून काढायला लागल्या.