आखूड दांडी

माझं झेरॉक्सचं दुकान आणि किल्लीकाकूंचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची फळी आहे. त्यामुळे त्यांच्याकडे कुलूप उघडलं की मला लगेच कळतं. काकू ओरडतात. पन्नाशी उलटली, तीस वर्षं कुलपं-किल्ल्यांचाच धंदा केला, तरी दर वेळी त्यांच्या तोंडून "सुटलं!" निघतंच. नवं गिऱ्हाईक दचकतं.

काकू हे काम वडिलांकडून शिकल्या. थोरला भाऊ होता, दादा, पण त्याला दुकानातल्या स्टुलावर दहा मिनिटं बसवत नसे. तो मधमाश्यांच्या नादी लागला, गावाबाहेर जागा घेऊन राहिला, आणि दुकान काकूंकडे आलं. बहीणभावाचं प्रेम भरपूर, पण भेटले की पहिल्या पाच मिनिटांत खडाजंगी.

त्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो, तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. पलीकडे त्यांची वहिनी होती.

"वन्सं, तुम्ही या बाई. हे हातात हातोडा घेऊन गाडीभोवती फिरताहेत."

प्रकरण असं होतं. दादांची गाडी जुनी, चौकोनी, जीपसारखी. नेहमीच्या गिअरच्या दांडीशेजारी तिला आणखी एक आखूड दांडी आहे. ती ओढली की चारही चाकं जोर लावतात आणि गाडी मुंगीच्या पावलांनी कसलाही चढ चढते. पण पाच वर्षं दादा सपाटीवरच फिरले, आणि त्या दांडीला कुणी हातसुद्धा लावला नाही. आता डोंगरमाथ्यावरच्या फळबागा एकदम फुलल्या होत्या. बागवाल्यानं निरोप धाडला होता, पेट्या आणा, फुलं आठ दिवस टिकतील. अठरा पेट्या मधमाश्या, वर जायला एकच खडा कच्चा रस्ता, आणि दांडी काही केल्या हलत नव्हती!

काकूंनी दुकान बंद केलं, हत्यारांची पिशवी काखेत मारली आणि पहिली बस पकडली.

अंगणात गॅरेजवाला आधीच येऊन बसला होता. तो म्हणत होता, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आठ दिवस धरून चाला."

"आठ दिवसांनी मी माश्यांना काय वाळलेली पानं दाखवू?" दादा कडाडले.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "अडकलंय काय पण? गिअरबॉक्स अडकलाय की दांडी?"

"एकच की हो ते, काकू," गॅरेजवाला हसला.

"एकच कसं? किल्ली फिरत नसली तर कधी कुलूप खराब असतं, कधी किल्ली. मी आधी कुलूप फोडत नाही."

गाडी सपाट जागी होती. काकूंनी हँडब्रेक ओढायला लावला, चारही चाकांना दगडांची अटकण दिली, पदर खोचला आणि पोतं अंथरून सरळ गाडीखाली शिरल्या. वहिनी बॅटरी धरून ओणवी झाली. पाच वर्षांचा चिखल दगडासारखा वाळलेला. काकूंनी तो तारेच्या ब्रशनं खरवडला, तेव्हा आतली रचना दिसायला लागली. दांडीच्या खालच्या टोकापासून एक लोखंडी सळई निघून मागे गिअरबॉक्सच्या आकड्याला जोडलेली होती. जोडावर एक लहानशी खिळी. काकूंनी ती पक्कडीनं काढली, सळई बाजूला केली आणि गिअरबॉक्सचा आकडा नुसत्या हातानं ओढून पाहिला.

टक्. आकडा मागे आला.

पुन्हा ढकलला. टक्. पुढे गेला.

"अरे, हा तर लोण्यासारखा हलतोय!" काकू अशा ओरडल्या, की त्यांचं डोकं वर आपटलं. "गिअरबॉक्स ठणठणीत आहे! दादा, ऐकलंस का? ठणठणीत!"

गॅरेजवाला आडवा होऊन आत आला. त्यानं स्वतः आकडा हलवून पाहिला, मग एकदा काकूंकडे पाहिलं. "मग वरती आहे दुखणं," तो हळूच म्हणाला. तेव्हापासून तो काकूंच्या बाजूचा झाला.

दुखणं सापडायला वेळ लागला नाही. दांडी ज्या जाड पिनेवर डुलते, ती पीन गंजून तिच्या भोकात घट्ट बसली होती. गाडीच्या आतलं रबराचं आवरण काढल्यावर ती वरूनही दिसली, तांबडीलाल.

"सरका," दादा हातोडा उचलत म्हणाले. "एका घावाचं काम आहे."

"हात लावशील तर बघ! पीन वाकली तर खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"फुलं गळताहेत तिकडे!"

"अर्ध्या तासात नाही गळत. वहिनी, याला चहा द्या आणि हातोडा लपवा."

काकूंनी पिनेच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारलं आणि घड्याळ लावून बसल्या. बसल्या कसल्या, दर दोन मिनिटांनी उठून पाहत होत्या. तेल आत झिरपत होतं, कडेला तपकिरी बुडबुडे येत होते. मग पितळी ठोकणीनं हलक्या टिचक्या मारल्या. पुन्हा तेल. गॅरेजवाल्यानं पिनेच्या डोक्याला पाना लावला, काकूंनी दांडी धरली, आणि दोघं केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिले. जोर लावायचा नाही, नुसतं विचारत राहायचं, असं काकू सांगतात.

दादांचा चहा गार झाला.

"हलली," गॅरेजवाला कुजबुजला.

"नाही हलली. तुमचा पाना घसरला."

"काकू, आईशप्पथ हलली!"

खरंच हलली होती. गहूभर, मग बोटभर. गंजाची पूड भुरभुरू लागली, आणि एकदम कर्रर्र करत पीन काकूंच्या तळहातात आली. "सुटलं!" शेजारच्या शेतातला माणूस बांधापर्यंत धावत आला, कुणाला काही झालं की काय म्हणून.

पीन आणि भोक पॉलिश पेपरनं घासून, भरपूर ग्रीस माखून सगळं परत बसवलं. जोडाला नवी खिळी घातली. दादा टुणकन गाडीत चढले, क्लच दाबला, आखूड दांडी ओढली. ती अर्ध्यावर येऊन थांबली. सगळ्यांची तोंडं उतरली. काकूंचं सुद्धा.

गॅरेजवाल्यानं मात्र कपाळावर हात मारला. "अहो, मघाच्या खटपटीत गिअरचे दात खाचांसमोरून सरकले असतील, उभ्या गाडीत ते आपोआप जुळत नाहीत! अटकण काढा, ब्रेक सोडा. गाडी जराशी सरकू द्या."

गॅरेजवाला, काकू, वहिनी आणि तो शेजारचा माणूस, चौघांनी मागून रेटा दिला. गाडी वीतभर पुढे गेली. आतून आवाज आला, खट्ट! दांडी जागेवर बसली, आणि दादांनी असा हॉर्न वाजवला की पेट्यांमधल्या माश्या गुणगुणायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पेट्या लादल्या. काकू हट्टानं पुढे बसल्या. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबली.

"ओढ," दादा म्हणाले.

"मी?"

"मग कोण? तूच सोडवलीस ना!"

काकूंनी दांडी ओढली. गाडी गुरगुरत, दगड चुरडत, एकेक वळण घेत वर निघाली. चाकं कुठेही घसरली नाहीत. दादा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "बाबांनी दुकान तुला दिलं, ते बरोबरच केलं." इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच म्हटलं होतं. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर अख्खा माथा पांढरा झाला होता.

पेट्यांची दारं उघडताना एका माशीनं काकूंच्या पापणीला डंख मारला. परवा एक डोळा लिंबाएवढा सुजलेला घेऊन त्या दुकानात आल्या, आणि सायकलच्या कुलपाची किल्ली करायला आलेल्या पोस्टमनला त्यांनी ही सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. मी ती फळीपलीकडून चौथ्यांदा ऐकत होतो. "खट्ट" आलं, तेव्हा मी झेरॉक्सचं मशीन थांबवलं.