सुमनने चॅनल बदललं होतं

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथेसुद्धा दुसरंच काहीतरी मागून परत येतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. मघापासून दोनदा उठून बाहेर फिरून आलो.

चौकात माझं दुकान आहे. डिश बसवणं, सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करणं, आता ती टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक आली आहे, तीही चालू करून देतो. खालापूरपासून कर्जतच्या रस्त्यावरच्या गावांपर्यंत कितीतरी घरांवर माझ्या हातच्या छत्र्या आहेत. टीव्हीबद्दल मी काही सांगितलं की लोक मान डोलावतात, दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माणसांनी माझ्यावर ठेवलेल्या विश्वासावर.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमच्या आळीत रेकॉर्डिंगचा बॉक्स फक्त माझ्याकडे होता. आणि मला त्याचा फार तोरा होता. कबड्डीचा सामना रंगात आला की मी मुद्दाम बटण दाबून चित्र थांबवायचो. चढाईला गेलेला खेळाडू तसाच हवेत. शेजारचे एक आजोबा दर वेळी विचारायचे, "तिकडं मैदानात पन थांबली का रं सगळी?" सगळे हसायचे. मीही हसायचो. बॉक्स आपल्या हातात आहे, म्हणजे काळच आपल्या हातात आहे, असं काहीतरी वाटत असावं मला.

पण मी भरकटतोय. अमोलचं सांगायला हवं.

अमोल माझा पुतण्या, दादाचा एकुलता एक. दादा साजगावकडे एका कारखान्यात होता. पाळ्या, ओव्हरटाइम, घरी आला की जेवण आणि झोप. अमोलला कबड्डी मी शिकवली. घोटा कसा धरायचा, पकडीत सापडलं तर पाय कसा सोडवायचा, दम कसा राखायचा — रोज सकाळी मैदानात मी आणि तो. हे खरं आहे. आणि हे खरं आहे म्हणून पुढचं क्षम्य ठरतं असं मी म्हणत नाही. म्हणून बघितलंय मनाशी खूपदा. ठरत नाही.

पोरगा मोठ्या स्पर्धेत उतरला. एक छोटं चॅनल सामना थेट दाखवणार होतं, भर दुपारी. दादाला रजा मिळाली नाही. कामावर जाताना तो आमच्या दारात थांबला.

"बाळू, नीट लाव रं ते रेकॉर्डिंग. मी आल्याव बघीन. परत परत बघीन."

"तू नको काळजी करू," मी म्हणालो.

लावलं. नीट लावलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनी सगळ्यात पुढे, पदर तोंडाशी धरून. आणि पोरगा काय खेळला! शेवटच्या मिनिटांत त्याने एकट्याने जी पकड केली, तेव्हा मी इतका ओरडलो की आवाज बसला. ती पकड माझी होती, कळतंय ना? मी शिकवलेली. धुळीत लोळून शिकवलेली.

सामना संपला. माईक घेऊन एक बाई त्याच्याजवळ आली. कबड्डी कुणाकडून शिकलास, तिने विचारलं. त्याला धाप लागली होती. तो म्हणाला, "बाबांकडून. माझ्या बाबांनी शिकवलं."

घरात टाळ्या पडल्या. वहिनी रडायला लागली. मीही टाळ्या वाजवल्या.

माणसं पांगली. वहिनी घरी गेली. बक्षीस समारंभ चालूच होता, रेकॉर्डिंगही चालू होतं. सुमनने — माझ्या बायकोने — जरा वेळ तिची मालिका लावली, मग पाणी भरायला मागे गेली. मी एकटा उरलो. रेकॉर्डिंग बंद केलं. मागे नेऊन ती जागा पुन्हा पाहिली. मग आणखी एकदा. कशासाठी? वाटत होतं की मधे कुठे तरी "काका" असेल, टाळ्यांत ऐकायचं राहून गेलं असेल. नव्हतं.

आणि मी ते पुसलं.

हात चुकून लागला नाही. तो बॉक्स विचारतो — नक्की काढायचं का? हो की नाही? बाण आधीपासून "नाही"वर असतो. तो सरकवून "हो"वर न्यावा लागतो. मी नेला.

पुढे काय सांगायचं याचा काही विचार केलेला नव्हता. दादा कारखान्यातून थेट आमच्याकडे आला, अंगात कंपनीचा शर्ट, हातात डबा. आळीतल्यांनी वाटेतच सांगितलं होतं की पोराने तुझं नाव घेतलं. बसलाही नाही. टीव्हीसमोर उभा. "लाव."

मी यादी उघडली. ती होती तशी, फक्त तेवढं नव्हतं. मी उगाच बटणं दाबत राहिलो. तेवढ्यात सुमन दारातून म्हणाली, अगदी घाबरून, "अहो, मी मघाशी चॅनल बदललं होतं... त्यानं तर नाय ना गेलं?"

तिने विचारलं होतं. फक्त विचारलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर —

मी म्हणालो, "त्यानंच. चॅनल बदललं की तुटतं रेकॉर्डिंग, मागचंही सगळं जातं."

तुटत नाही. त्या बॉक्समध्ये दोन ट्यूनर होते. एक चॅनल बघता बघता दुसरं रेकॉर्ड व्हावं, त्यासाठीच मी तो महागाचा घेतला होता. त्या घरात हे फक्त मला ठाऊक होतं.

दादाने हातातला डबा खाली ठेवला आणि मलाच विचारलं, "तू बघितलंस ना? कसा म्हनला? तोंड कसं होतं त्याचं?" आणि मी सांगितलं. मी, ज्याने ते पुसलं होतं, मीच त्याला सांगत होतो — धाप लागली होती, हसत होता, म्हणाला बाबांनी शिकवलं. दादा ओठ हलवत ऐकत होता, पाठ करत असल्यासारखा.

अमोलने चॅनलला फोन करून पाहिला. त्यांनी काही जपून ठेवलं नव्हतं. पुढच्याच मोसमात त्याचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. म्हणजे टीव्हीवर तो दिसला तो तेवढा एकदाच. पुन्हा काही दाखवायला उरलं नाही.

सुमनने मालिका बघणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी वाईट बाई नाही, पण तिने ते कधी सोडलं नाही. बारसं असो, हळद असो, सुमन आत शिरली की, "रिमोट लपवा गं, आली बघा आमची सुमन!" बायका हसायच्या. सुमनही हसायची — आणि मग मुकाट्याने जाऊन सगळ्यात जास्त भांडी घासायची. मी मांडवात चार माणसांत बसलेला, सगळं ऐकू येत असायचं. काय करायचो? पान लावायचो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण खोटं सांभाळावं लागतं. मी तो बॉक्स बिघडला म्हणून काढून टाकला. दादाने दोनदा म्हटलं, मलाही रेकॉर्डिंगचा बसवून दे. मी सांगितलं, ते टिकत नाहीत, साधाच बरा. त्याच्या घरी कुणी एक चॅनल बघत दुसरं रेकॉर्ड केलं असतं तर? म्हणून माझ्या सख्ख्या भावाच्या घरी सगळ्यात हलका बॉक्स आहे, आणि तो मीच बसवलेला आहे. "बाळूने सांगितलं म्हणजे बरोबरच असेल," तो सगळ्यांना सांगतो.

आता दादाला दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. उजेड-अंधार तेवढा कळतो. सामने ऐकायला तो आमच्याकडे येतो. गेल्या महिन्यात असाच आला होता, वहिनी सोबत होती. सुमन चहा घेऊन आली, ट्रे ठेवायला तिने टेबलावरचा रिमोट जरा बाजूला सारला, आणि वहिनीच्या तोंडून सवयीने निघालंच, "बघ हां, बदलशील परत!"

दादा म्हणाला, "पुरं कर गं आता. आता ते सापडलं तरी मला काय दिसनार हाय?" आणि स्वतःच हसला. मग हात पुढे करून चाचपडायला लागला. सुमनने घाईने कप खाली ठेवून हात दिला. तो धरून म्हणाला, "सुमन, माज्या मनात काय नाय हां. मी कवाच सोडून दिलंय ते. तू पन सोड."

सुमन खालीच बसली. त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडायला लागली. इतक्या वर्षांत ती त्यावरून रडलेली मी पाहिली नव्हती. "माजं चुकलं, दादा," ती म्हणत होती. "माज्या हातून झालं." वहिनीने तोंड फिरवून डोळे पुसले.

मी तिथेच होतो, हाताच्या अंतरावर. "ते मी पुसलं" — एवढंच तर म्हणायचं होतं.

"बाळू, गप कर रं तिला," दादा म्हणाला.

मी वाकलो. तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि म्हणालो, "रडू नको आता. दादाने माफ केलं ना तुला."

याच तोंडाने म्हणालो.