कापते, पण शिवत नाही

आमच्या घरासमोरच्या शेडमध्ये एक मशीन, दोन खुर्च्या आणि एक स्टूल आहे. किस्से साठायला एवढं पुरतं. माणूस नेमप्लेट न्यायला उभ्या उभ्या येतो, 'जरा पॉलिश वाळू द्या' म्हटलं की खुर्चीवर टेकतो, आणि टेकला की बोलतो. भुसा मी रोज झाडून काढतो, ही बोलणी मात्र मागं राहतात. शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुमच्यापाशी लाकडापेक्षा गोष्टीच जास्त हायेत." सागवानाचे भाव बघता तिचं बरोबरच आहे!

मी बाभुळगावचा. आधी विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी भरून द्यायचो. तांब्याच्या तारा गुंडाळून गुंडाळून बोटांना बारीक कामाची सवय झाली होती, म्हणून हौसेनं ही स्क्रोल सॉ घेतली. मधे दोऱ्यासारखं बारीक पातं वर-खाली होतं, आपण लाकूड फिरवायचं, नक्षी कापली जाते. चित्रं काढून देतात आमचे वानखडे मास्तर, शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग टीचर. पॉलिश आणि गिऱ्हाईक शोभाकडे. झाला आमचा कारखाना!

*

मशीन नवी आली तेव्हाची गोष्ट. तिचा आवाज ऐकला तर शिलाई मशीनच वाटते. दुसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीतल्या कमलाकाकू साडी घेऊन हजर.

"फॉल-पिको करून दे व शोभा."

शोभा म्हणाली, "काकू, ही शिवाची मशीन नाही. लाकूड कापाची हाय."

काकूंचा विश्वास बसेना. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली. वाकून पातं पाहिलं, खालचं पायडल पाहिलं.

"पायडल हाय, सुई हाय, अन् शिवत नाही?"

"नाही."

"नुसती कापते?"

"हो."

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मलाच माझी दया आली.

"फसले बाप्पा तुम्ही! गॅरंटीत असन त वापस करा!"

*

मराठी नावाचं एक बरं असतं. वरची रेघ सगळी अक्षरं धरून ठेवते, अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. इंग्रजी अक्षरं सुटी होतात, एकेक चिकटवत बसा. आपल्याकडे घोळ फक्त अनुस्वाराचा. तो बिचारा हवेत तरंगतो. आता मी त्याला रेघेपासून बारीक देठ ठेवतो, पण हे शहाणपण नंतरचं. आधी टिंब वेगळं कापून गोंदानं चिकटवायचो.

एका कृषी केंद्रवाल्या भाऊंनी दोन मजली घर बांधलं आणि घराला बायकोचं नाव दिलं, 'कुंदा'. हातभर उंचीची सागवानी अक्षरं मी कापून दिली. त्यांनी ती हौसेनं वरच्या गॅलरीच्या कठड्यावर लावली. सगळ्यांनी कौतुक केलं.

मग मे महिना आला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, गोंदाला माहीत नव्हतं. एक दिवस खुद्द कुंदावहिनींचा फोन.

"प्रकाशभाऊ, तुमचं टिंब पडलं."

"उद्या येऊन लावून देतो वहिनी."

"उद्या नाही, आत्ताच या! रस्त्यानं जानारा एकेक जन वर पाहून हासून राह्यला!"

गेलो. रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली आणि वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या गॅलरीवर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'कुदा'!

आणि नेमके तिथंच भाऊ कठड्याला टेकून उभे होते.

*

आमची पोरगी पुण्याला असते. ती मोबाईलवर आमच्या मालाचे फोटो टाकते, त्यावर कधीकधी बाहेरगावच्या ऑर्डर येतात. नागपूरच्या एका मॅडमनी शोकेससाठी दोन हत्ती मागवले. पार्सल पोचलं, आणि लगेच त्यांचा फोन आला. एका हत्तीची सोंड दुसऱ्यापेक्षा थोडी वर आहे!

शोभानं समजावलं, "ताई, हातानं कापलेला माल हाय. उन्नीस-बीस होतेच."

"अहो, पण जोडी म्हणून घेतली ना मी? दोन्ही अगदी सारखे हवेत."

शोभाला वाटलं, आता आपण हिला बरोबर पकडतो.

"ताई, तुम्हाले लेकरं किती?"

"दोन मुली आहेत."

"मंग त्या दोघी सारख्या हायेत का?"

"हो. जुळ्या आहेत."

शोभानं फोन माझ्या हातात दिला.

*

लग्नसराईत आम्ही लाकडी दिलं फार कापतो. लग्न ठरलेल्या एका पोरानं असंच एक दिल करून घेतलं होतं. मधे दोघांची नावं, त्याचं वर, तिचं खाली. पुढं काय बिनसलं देव जाणे, सोयरीक मोडली. पोरगा दिल घेऊन परत आला. डोळे सुजलेले.

"भाऊ, तिचं नाव काढून टाका. माह्यं राहू द्या."

मला वाईट वाटलं, पण जे आहे ते सांगावं लागलं. "बावा, नुसती कड हाय ही. खाली दोन्ही बाजू तिच्या नावानंच धरून ठेवल्या हायेत. तिचं नाव काढलं त दिल दुभंगते."

तो ते हातात घेऊन खुर्चीवर टेकला. शोभानं त्याला पाणी दिलं. शेवटी म्हणाला, "मंग राहू द्या." कागदात गुंडाळून घेऊन गेला.

पुढं त्याचं दुसरीकडे लग्न झालं. बायकोला घेऊन नेमप्लेट सांगायला आला, चांगला खुशीत होता. मी सवयीनं विचारलं, "दिलाची डिझाइन दाखवू का?"

तो खाली बघायला लागला. बायकोच म्हणाली, "नको जी, साधी चौकोनी द्या. दिल पडलं हाय एक आमच्या घरी!"

*

वानखडे मास्तरांच्या वस्तीतल्या विहारासाठी बुद्धाचा चेहरा कापायचा होता. मास्तरांनी चित्र काढायला खूप दिवस घेतले. मिटलेले डोळे, ओठांवर हललं-न-हललं असं हसू. मी जीव मुठीत धरून कापत होतो. बाकी सगळं नीट झालं आणि ओठाच्या कोपऱ्यावर, जिथं लाकडात गाठ होती, तिथं पातं केसभर घसरलं. हसू थोडं वाढलं!

मी मशीन बंद केली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "हे नाही देता येत. दुसरं करू."

एवढ्यात विहाराचं काम बघणाऱ्या सुशीलाबाई आल्या. वय झालेल्या, पण आवाज खणखणीत. मास्तरांनी त्यांना चूक दाखवली, माफी मागितली. बाईंनी चेहरा हातात घेतला आणि बघतच राहिल्या.

"मास्तर, हा राहू द्या."

"पण बाई, हसू जास्त झालं."

"जास्त कायचं? आतापावतो पाह्यले थे सारे शांत बसले होते," बाई म्हणाल्या. "ह्यायनं मले ओळखलं."

*

आणि ही वाटणीची गोष्ट.

जवळच्याच एका गावचे दिलीप आणि संजय, सख्खे भाऊ. बाप जाऊन वर्ष झालं होतं, शेताची वाटणी करायची होती. मोजणीचा नकाशा आला, पण त्यांच्या आईला तो कळेना. म्हणायची, "कागदावर वावर कसं मावते?" आणि तिनं हो म्हटल्याशिवाय वाटणी करायची नाही, हे दोघांनी ठरवलेलं. म्हणून थोरला दिलीप माझ्याकडे आला. "लाकडाचं वावर करून द्या भाऊ. लेकरायच्या खेळासारखं, तुकडे उचलून पायता येतीन असं."

मला काम आवडलं. निघताना दिलीप हळूच म्हणाला, "विहीर माह्या तुकड्यात धरजा."

दुसऱ्या दिवशी संजय आला. "दादा येऊन गेला ना? विहीर माह्या बाजूनं धरजा."

विहीर होती बरोबर धुऱ्यावर, दोन हिश्श्यांच्या मधल्या बांधावर, आणि घरात प्यायचं पाणीही तिचंच. आता मी कोणाचं ऐकू? मी विहीर वेगळीच कापली. एक गोल, सुपारीएवढा तुकडा. दोघांनी तो पाहिला, दोघांचीही तोंडं उतरली, पण एकमेकांसमोर बोलणार काय? "तुम्हीच येऊन मायले समजावून सांगा," म्हणाले. एकानं सांगितलेलं दुसऱ्याला पटलं नसतं.

गेलो. माय ओसरीवर बसली होती. दोन्ही सुना दाराशी उभ्या. मी पाटावर वावर मांडलं. माय त्यावरून हात फिरवायला लागली.

"हा नाला व्हय?"

"व्हय माय."

"अन् हे निंबाचं झाड. हे पऱ्हाटीचं, कापसाचं वावर. बरोबर हाय."

दिलीपनं नाल्याकडचा तुकडा उचलला. "हे माह्यं." संजयनं रस्त्याकडचा उचलला. "हे माह्यं." पाटावर तो गोल तुकडा तेवढा राहिला. दोघं भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. हात मात्र कोणी पुढं केला नाही.

मग मायनं तो उचलला. फुंकर मारून त्यावरचा भुसा उडवला, पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली आणि पदर कमरेला खोचला.

"माय, थे..." दिलीप म्हणाला.

"तुमचं झालं ना वाटून?"

माय गुडघ्यावर हात टेकून उठली. मला म्हणाली, "बसा भाऊ, च्या मांडतो." स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, थांबली, आणि वळून लेकांकडे पाहिलं.

"पानी कोनाच्या हिश्श्याचं घेऊ, थे सांगा."