आरा मशीनची वाटणी

टॅक्सच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, क्लायंट स्वतः आणून देतात. डॉक्टरकडे माणूस दुखायला लागल्यावर जातो, आमच्याकडे सगळं उरकून येतो आणि मग विचारतो, "मॅडम, असं करावं का?" पण लकडगंजच्या दोन भावांची बातच और! मोठे मनोहरभाऊ, धाकटा प्रमोद. वडिलांनी टाकलेली आरा मशीन, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, दोघांच्या भागीदारीत. दोघांचं बोलणं बंद, आणि फर्म टिकते की फुटते, याचा घोर मात्र मला!

*

माझं ऑफिस धंतोलीत, खालच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर. पहिल्यांदा आले तेव्हा मनोहरभाऊ चुकून खालीच नंबर लावून बसले. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास आहे?"

"भाऊ अलग निघतो म्हणते."

डॉक्टरांनी हात जोडले. "आम्ही जोडायचं काम करतो हो. तोडायचं वरच्या मॅडमकडे!"

मनोहरभाऊ हे मला सांगत होते तेव्हा मी हसत होते, आणि समोर बसलेल्या माणसाचे डोळे पाणावलेले. मग मलाच कसंतरी झालं. म्हटलं, घाई करू नका, थोडे दिवस जाऊ द्या.

*

बोलणं बंद, पण धंदा चालू! टेबलं समोरासमोर. एका सकाळी प्रमोदचा फोन. "मॅडम, दादाले विचारा, ट्रक खाली करू का?"

मी दुसऱ्या फोनवरून मनोहरभाऊंना विचारलं. "कर म्हणा त्याले," ते म्हणाले. दोन्ही फोनमधून तेच वाक्य ऐकू आलं!

"अहो, त्यानं ऐकलं की!"

"ऐकलं असंल. पण सांगा तुम्हीच."

याचे पैसे बिलात कोणत्या नावाखाली लावायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

*

मी प्रत्येक क्लायंटला एक सल्ला देतेच. घरचा खर्च फर्ममध्ये घुसवू नका आणि फर्मचा घरात. भावांनी नुसत्या माना डोलावल्या. मनावर घेतलं ते वहिनींनी, म्हणजे मनोहरभाऊंच्या बायकोनं! घर मशीनच्या मागेच, चहा दिवसभर तिकडूनच यायचा.

पुढच्याच आठवड्यात मनोहरभाऊ फोनवर. "मॅडम, बायकोनं चहाचं बिल देलं. जीएसटी लावून!"

"त्यांचं रजिस्ट्रेशन आहे का?"

"हिंमत असंल तर तुम्हीच विचारा."

मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "पाहा वं मॅडम, हे दोघं एका वेळेले चहा घेत नाहीत. एक उठला की दुसरा बसते. मी डबल शिफ्ट करून राहिली, फुकटात काहून करू?"



*

मग फर्मच्या खात्यात टॅक्सचा रिफंड आला. दोघे धावत माझ्याकडे. एकाच स्कूटरवर! न बोलता!

मनोहरभाऊंचा चेहरा उतरलेला. "सरकारनं पैसे देले, मॅडम. म्हणजे काही खरं नाही."

"वापस करून टाका," प्रमोद म्हणाला. "मले लफडी नको."

मी समजावलं, टॅक्स जास्तीचा भरला गेला होता, तोच परत आलाय. तुमचाच पैसा! दोघांनी एकदमच श्वास सोडला.

प्रमोद म्हणाला, "दादाले सांगा, एवढं भेवाचं काम नाही म्हणा."

दादा म्हणाले, "त्याले सांगा, पाय त्याचेच लटपटून राहिले होते."

आणि त्याच स्कूटरवरून परत गेले. गॅलरीतून पाहताना मला फार हलकं वाटलं. म्हटलं, हे काही वेगळे होत नाहीत.

*

पण वाटणीचा दिवस उजाडलाच. आमच्याकडची जुनी रीत मी सुचवली होती. एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही.

मनोहरभाऊंनी अंगणात चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या एका बाजूला मशीन, रस्त्यावरचं गेट आणि झाडून सगळं सागवान. दुसऱ्या बाजूला भुशाचा ढीग, गळकं टिनाचं शेड आणि स्वतःची खुर्ची. त्या खुर्चीवर जाऊन ते बसले.

"मनोहरभाऊ, हे काय वाटे झाले?" मी विचारलं.

"ते माझं मी पाहीन. तुम्ही त्याले उचलाले लावा."

काय चाललंय ते माझ्या ध्यानात आलं. वहिनींनी तोंड फिरवलं.

प्रमोद बराच वेळ रेघेकडे पाहत उभा राहिला. मग ती ओलांडून भुशाच्या ढिगाजवळ, खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"मले हे बाजू पाह्यजे."

मनोहरभाऊ ताडकन उठले आणि थेट त्याच्यावरच ओरडले, "येडा झाला का बे? हे बाजू माझी आहे!"

"आधी उचलाचा हक्क माझा आहे!"

"इथं भुशाशिवाय आहे काय?"

"तू आहे ना."

मनोहरभाऊ मटकन खाली बसले. मग त्यांनी नाक पुसत विचारलं, "अन् मशीन गा?"

"मॅडमले देऊन टाक!"