यमक फक्त खोटं बोलणाऱ्याला

नाना गेल्याचं पोस्टकार्ड मला धुळ्याला मिळालं, तेव्हा त्यांचा दहावा होऊन गेला होता. पण आमच्या धुळ्याच्या नाट्यमंडळाच्या सेक्रेटरींना ते आधीच कळलं होतं, कारण त्याच संध्याकाळी त्यांनी शोकसभा ठेवली होती. हार, उदबत्ती, भाषण. सेक्रेटरी म्हणाले, “नानांनी जर्मन नाटकाला मराठी यमकांचा गोड साज चढवला.” महिना उलटला तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नाना असोद्याचे. घरी केळीच्या बागा. पुण्याला रसायनशास्त्र शिकताना पुस्तकांसाठी जर्मन शिकावी लागली, आणि हा माणूस रसायन बाजूला ठेवून जर्मन पद्यनाटकांत अडकला. स्वातंत्र्यानंतर जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सकाळी शाळेआधी एका नाटकाचं मराठी करत बसायचे. सहा वर्षं... एका नाटकाला सहा वर्षं! मी धुळ्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका, मंडळाच्या नाटकांतून कामं करायची. मंडळाने नानांचं नाटक बसवायला घेतलं तेव्हा त्यातल्या आईच्या भूमिकेसाठी नानांनी मला विचारलं आणि ओळी कशा म्हणायच्या ते स्वतः शिकवलं.

टेबलावर बोटांनी ठोके देत ते सांगायचे, “बाई, आपण लघु-गुरू मोजतो. हे लोक आघात मोजतात. ओळीत पाच ठोके, आणि शेवटी यमक नाही. माणूस मनापासून बोलतो तेव्हा कुठे यमक जुळवतो?” यमक या नाटकात एकालाच होतं, आईच्या मुलाला कोंडून ठेवणाऱ्या सुभेदाराला, आणि तेही तो खोटं बोलू लागला की. त्याच्या ओळी गोड जुळायला लागल्या की ऐकणाऱ्याने सावध व्हायचं. समोर आई, मुलाला सोडवायला आलेली. ती तीनदा ‘उघडा’ म्हणते. आधी ओळीच्या सुरुवातीला, मग मध्ये, मग अगदी शेवटी:

उघडा हे दार, माझा मुलगा आत आहे.
मी सांगते, उघडा, त्याचा आवाज ऐकला मी.
हात टेकले, कपाळ टेकलं, आता तरी उघडा.

“शब्द तोच,” नाना म्हणायचे, “पण बाई तीच राहत नाही.”

प्रयोगाच्या चार दिवस आधी सेक्रेटरींनी नव्या वह्या वाटल्या. सगळ्या नाटकाला यमकं लावलेली! ‘उघडा’ एकदाच. “तेच तेच ऐकून लोक हसतील,” म्हणाले. “आईला ‘करा उपकार, ऐका पुकार’ दिलंय, टाळी पडेल.” नानांना विचारलं का, असं मी विचारलं. “त्यांना प्रयोगाला बोलावलंय,” एवढंच उत्तर. मी वही घेतली. पाठ केली. रंगमंचावर ‘करा उपकार’ म्हटलं, आणि टाळी पडली. सगळेच यमकात बोलत होते, त्यामुळे सुभेदार कधी खोटं बोलतो ते कुणाला कळणार? त्यालाही टाळ्या पडल्या. नाना तिसऱ्या रांगेत होते.

प्रयोगानंतर ते आत आले. माझ्या तोंडाला अजून रंग होता. “बाई, तो फसवत होता हे एका तरी माणसाला कळलं का?” मी रंग पुसायला लागले. ते एस.टी. गाठायला निघून गेले, आणि पुन्हा त्यांनी कुणाला एक ओळ दिली नाही.

म्हणून शोकसभेत मी उभी राहिले. “ती यमकं नानांची नव्हती. तुमची होती,” मी म्हणाले. सेक्रेटरी मान हलवत म्हणाले, “बाई, आज ही वेळ नाही.” मागून दोघं-तिघं ‘बसा, बसा’ करू लागले. वेळ कधी असते या लोकांची?

परवा असोद्याला गेले. नानांच्या पत्नी, अक्का, एका पत्र्याच्या पेटीपाशी बसल्या होत्या. पेटीत नानांच्या वह्या. मी म्हटलं, “अक्का, मला द्या. जसं लिहिलंय तसं छापून आणते.”

अक्कांनी मान वर केली. “तुमीच व्हत्या ना त्या नाटकातल्या मायच्या कामाले?”

“हो.”

“तुमाले तर त्यायनी सोता शिकवलं व्हतं.”

अक्कांनी झाकण लावलं, कडी घातली, आणि त्या पेटीवरच बसल्या. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, “बाईयले च्या दे. त्यायले धुळ्याची गाडी धरायची हाये.”