प्रमिलाताई वनवासाला जातात

प्रमिलाताई खैरनार वाचनालयाच्या दारात चपला काढता काढताच बोलायला लागत. नमस्कार नाही, कसे आहात नाही. ‘‘भाऊ, धाकट्या राणीनं विष घेतलं हो!’’ किंवा ‘‘भाऊ, त्या बुटक्यांच्या गावात पाणी शिरलं. एक जण नाय वाचला.’’ पेपर वाचत बसलेली मंडळी दचकून वर बघत. एखादा नवा सभासद मोबाइल काढून बातमी शोधायला लागे. मलासुद्धा पटकन उलगडा होत नसे, की ही राणी पेशवाईवरच्या कादंबरीतली, की ड्रॅगनवाल्या जाड पुस्तकातली, की त्यांच्या सोसायटीतली कुणाची सून.

नाशिकरोडला आमचं वाचनालय आहे. एक मोठी खोली, सहा कपाटं आणि मी. अलीकडे इथे दोनच प्रकारची पुस्तकं हातोहात जातात. निवृत्त मंडळींना ऐतिहासिक कादंबऱ्या हव्या असतात आणि कॉलेजच्या मुलींना जादूच्या राज्यांच्या, भाग एक ते भाग सातवाल्या. एक गट दुसऱ्याच्या कपाटाकडे फिरकत नाही. प्रमिलाताई दोन्ही कपाटांच्या सभासद होत्या. एका हातात किल्ला, दुसऱ्या हातात ड्रॅगन, असंच त्या घरी जात.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, भांडार विभागात त्यांनी नोकरी केली होती. माहेर वणीचं. बांधा काटक, आवाज खणखणीत. पुस्तक निवडताना मागच्या पानावरचा मजकूर त्या कधी वाचत नसत. मधलंच एखादं पान उघडून नाकाशी धरत. मी एकदा विचारलं, ‘‘काय बघता हो ताई?’’

‘‘यांच्यात स्वयंपाक कोण करतं ते बघते. एवढं सैन्य निघालंय, पण भाकरी कोणी थापली त्याचा पत्ता नाय. असलं पुस्तक लय खोटं असतं भाऊ.’’

एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांना वाचताना पाहिलं. ओट्याशी उभ्या राहून, पान उडू नये म्हणून पुस्तकावर लाटणं आडवं ठेवून वाचत होत्या. कुकरची शिट्टी झाली की लाटणं खाली सरकवत. घरात त्या एकट्याच. मुलगी अश्विनी लग्न होऊन पुण्याला. नवरा फार वर्षांपूर्वी सुरतेला कापडाच्या लूममध्ये कामाला गेला आणि तिकडचाच झाला, तिकडे त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं, असं लोक सांगत. त्या स्वतः यावर बोलत नसत. गळ्यात मंगळसूत्र होतं. ते का ठेवलं होतं, मला कळायचं नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी त्या आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, ते परत आले.’’

मी रजिस्टरमधून मान न काढता विचारलं, ‘‘कितव्या भागात?’’

‘‘माझ्या घरात.’’

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. ‘‘दिगंबरराव,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पायाचं हाड मोडलंय. तिकडं बघायला कोणी नाय. काल रिक्षातून उतरले, जिना चढता येईना, म्हणून खालीच बसून राहिले.’’

‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

‘‘काय करणार? वर आणलं. तो तिसरा भाग आला का?’’

तिसरा भाग आला नव्हता. दुसरंच काहीतरी घेऊन त्या गेल्या.

सोसायटीत खळबळ उडाली. कोणी म्हणे, बाईनं मोठं मन दाखवलं. कोणी म्हणे, बाईला स्वाभिमान नाही. मीही शहाणपणा केला. ‘‘ताई, त्यांच्या भावाकडे सटाण्याला पाठवा. तुम्ही का म्हणून करायचं?’’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी न वाचलेल्या पुस्तकावर मत देतोय. पुढचे काही महिने त्यांनी नवऱ्याचं सगळं केलं. प्लास्टर, औषधं, मालीश, नाचणीचं सत्त्व. शेजारीण सांगे, की त्या त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, पण दुपारी त्याला मोठ्यानं कादंबरी वाचून दाखवतात. यावरून काय समजायचं ते तिलाही समजत नव्हतं.

आमच्याकडे रविवारी वाचकांचा कट्टा भरतो. एकदा देशमुख सर, म्हणजे आमच्या ऐतिहासिक कपाटाचे सर्वांत जुने वाचक, एका कादंबरीबद्दल सांगत होते. शत्रूनं पळवून लावलेला राजा रानोमाळ भटकून राजधानीत परत येतो, तो प्रसंग त्यांनी उभं राहून, हातवारे करून सांगितला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजा नावाची कॉलेजची मुलगी म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडे पण सेम आहे. फक्त राजा ड्रॅगनवरून येतो.’’ सगळे हसले.

प्रमिलाताई म्हणाल्या, ‘‘राजा आला की आपण टाळ्या पिटतो. तो नव्हता तेव्हा राज्य कोणी चालवलं, ते एकाही कादंबरीत धड नाय. सर, तुमच्या त्या राणीचं पुढं काय झालं?’’

सरांनी आठवून पाहिलं. ‘‘तिनं ओवाळलं त्याला.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग... मग लढाई सुरू होते.’’

‘‘बघा,’’ ताई म्हणाल्या. ‘‘वनवासाला जायचा मान पण त्याचाच आणि परत यायचा पण त्याचाच. ती बिचारी एका जागी!’’

दिगंबररावांचा पाय बरा झाला. काठी टेकत ते भाजी आणायला जाऊ लागले. आता दोघं गुण्यागोविंदानं राहणार, असं सोसायटीनं ठरवूनही टाकलं. आणि तेव्हाच प्रमिलाताई आमची सगळी पुस्तकं पिशवीत भरून परत करायला आल्या.

‘‘मी वणीला चालले, भाऊ. बहिणीच्या शेजारी दोन खोल्या घेतल्यात.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘राहायला.’’

‘‘आणि दिगंबरराव?’’

‘‘ते राहतील की इथं. गॅसचा नंबर कसा लावायचा ते शिकवलं. पाण्याची मोटर, दूधवाला, लाईट बिल, सगळं दाखवलं. वरण जमतं, भाकरी नाय जमत.’’ त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. ‘‘इतकी वर्षं राज्य मी सांभाळलं. आता ते सांभाळतील. आता माझा वनवास.’’

त्या हसत होत्या का, हे मला आजही सांगता येणार नाही. ओठ हसत होते, एवढं नक्की.

दोन दिवसांनी पुण्याहून अश्विनीचा फोन आला. ती रडत होती की चिडली होती, कळत नव्हतं. ‘‘काका, ज्यानं घर सोडलं त्याच्या हातात आईनं घर दिलं! आणि स्वतः बाहेर पडली! तुमच्या त्या पुस्तकांनी तिच्या डोक्यावर परिणाम झालाय का हो?’’ मी तिला म्हटलं, ‘‘अगं, मी पण तीच पुस्तकं वाचतो. माझं काही झालं नाही.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘तेच तर!’’ आणि फोन ठेवला.

खरा गोंधळ त्यानंतर झाला. एका शनिवारी काठी टेकत स्वतः दिगंबरराव वाचनालयात आले. उंच, वाकलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ‘‘प्रमिलाच्या नावावर पुस्तक मिळंल का? उद्या वणीला जायचंय. ज्याच्यात बाई तलवार चालवती आसं काहीतरी आना, म्हनली.’’ मी दिलं. पुढच्या शनिवारी ते परत आले, मग त्याच्या पुढच्याही. सभासद ताईच, पण ने-आण यांची. हळूहळू लक्षात आलं, की बसमध्ये ते पुस्तक वाचतात. एकदा मला म्हणाले, ‘‘त्या सेनापतीनं दगा द्यायला नको व्हता. चांगला मानूस व्हता.’’ असं बोलायचा त्यांना हक्क आहे का, असं मनात आलं आणि त्याच वेळी ते मला आवडलेही.

शेवटी न राहवून या मार्चमध्ये एका रविवारी मीच वणीला गेलो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत ताई आणि दिगंबरराव समोरासमोर बसून जोरात भांडत होते. मी दारातच थबकलो. मग कळलं, की भांडण एका राजकन्येवरून चाललंय. तिनं सिंहासन सोडलं ते बरोबर की चूक.

‘‘चूक!’’ दिगंबरराव म्हणत होते. ‘‘तिचं व्हतं ते.’’

‘‘तिचं होतं म्हणूनच सोडता आलं,’’ ताई म्हणाल्या. ‘‘या भाऊ, बसा.’’

जेवण झालं. कुळथाची शेंगोळी आणि भात. सूर्य कलायला लागला तशा ताई उठल्या, डब्यात भाकऱ्या भरल्या, डबा नवऱ्याच्या हातात दिला. ‘‘उठा. गाडी चुकेल.’’ दिगंबरराव निमूटपणे उठले आणि तोंड धुवायला मागे गेले. एवढ्या वेळात मी हळूच विचारलं, ‘‘ताई, त्यांना इथंच राहू का देत नाही? निदान एखादा मुक्काम तरी?’’

त्या पडवीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. ‘‘ठेवून घेतलं की जातात, भाऊ. मी एकदा बघितलंय. जायला लावलं तर येतात.’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे माफ केलंत की शिक्षा दिलीत?’’

‘‘ते अजून मलाच ठरवायचंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घाई कशाला?’’

परतीच्या बसमध्ये दिगंबरराव माझ्या शेजारी, खिडकीपाशी बसले. मांडीवर डबा, डब्यावर पुस्तक. दिंडोरी गेली. बाहेर द्राक्षांच्या बागा मागे पळत होत्या. मग एकदम म्हणाले, ‘‘भाऊ, एक इचारू? तुमी इतकी वर्सं वळखता तिला. राग गेला आसंल का तिचा?’’

‘‘खरं सांगू? मला नाही कळलं.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘माले बी नही समजनं,’’ ते आपल्या सटाण्याच्या बोलीत म्हणाले. मग डब्यावरचं पुस्तक सारखं केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी पोरासारखं काहीतरी उमटलं. ‘‘पन पुढच्या रविवारी दोन भाग आना, म्हनलीय.’’